खंडेनवमीची साफसफाई

क्रांतीचा राग साऱ्या शिरोली एमआयडीसीला माहीत होता. तो कशानं येतो, हे मात्र तिच्या घरच्यांनी कधी विचारलं नाही. पोरीला राग लई, एवढं म्हणून तिचे वडील, आण्णा, मोकळे व्हायचे. आता रोज उठून कुणी पायावर धोंडा टाकला, तर माणूस ओरडणार की ओव्या म्हणणार?

आण्णांचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. शेजारच्या फाउंड्रीतून पंपाची ओतीव कवचं यायची. ती लेथवर तासायची, भोकं पाडायची, मापात बसवायची आणि पुढं कंपन्यांना द्यायची. शेडच्या कोपऱ्यात काचेची एक खोली होती, तिला ऑफिस म्हणायचं. त्या ऑफिसात क्रांती बसायची, तिचं कॉलेज संपल्यापासून. दर तीच काढायची, कंपन्यांच्या साहेबांशी तीच बोलायची, आणि माल परत आला की आधी लेथ चालवणाऱ्या आपल्या टर्नरशी आणि मग कंपनीशी भांडायचीही तीच. धाकटा भाऊ उदयसिंह आण्णांच्या बरोबरीनं भागीदार होता. तो दुपारी यायचा, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्याचा तो क्रिकेटच्या टीमा लावायचा खेळ खेळायचा, चहा प्यायचा आणि कुणी भेटायला आलं की मालकाच्या खुर्चीत बसून हात जोडायचा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला फार अक्कल लागत नाही.

क्रांतीचं नाव भागीदारीत नव्हतं. पोरगी उद्या लग्न करून जाणार, मग कागद बदलत कोण बसणार, असं आण्णांचं म्हणणं. क्रांतीनं लग्न केलं नाही. म्हणणं तेवढं तसंच राहिलं.

यंदा मात्र आण्णांनी शब्द दिला होता. फरिदाबादच्या एका मोठ्या पंप कंपनीनं वर्षभराच्या कामासाठी दर मागवले होते, आणि त्यांच्या यादीत या शेडचं नाव घालायला क्रांतीनं सहा महिने जिवाचं रान केलं होतं. "ही ऑर्डर आण," आण्णा जेवताना म्हणाले होते, "पाडव्याला तुझं नाव भागीदारीत घालतो." आईच्या हातातली भाकरी हातातच राहिली होती, एवढी ती गोष्ट त्या घरात नवी होती. आण्णा शब्दाचे पक्के. पेठ वडगावच्या बाजारात त्यांच्या तोंडच्या बोलीवर माणसं बैल घेऊन जायची, अशी त्यांची पत होती.

त्या कंपनीची एक तऱ्हा होती. दर भरायचे ते त्यांच्या वेबसाइटवर, आणि ती वेबसाइट वाटेल त्या कॉम्प्युटरवर उघडत नसे. कंपनीचा माणूस येऊन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्यांचाच एक ब्राउझर घालून गेला होता आणि त्या ब्राउझरच्या पोटात त्यानं एक सर्टिफिकेट बसवलं होतं. क्रांतीच्या नावानं. वेबसाइट उघडायला गेलं की कंपनी आधी ते सर्टिफिकेट बघणार, ही क्रांतीच आहे अशी खात्री करणार आणि मगच दार उघडणार. जाताना त्यानं एक गोष्ट बजावून सांगितली होती. या ब्राउझरची हिस्टरी पुसायला गेलात की एक चौकटींची यादी येते. काय काय पुसायचं त्यावर खूण असते. त्यातली शेवटची चौकट सर्टिफिकेटची. तिची खूण आधी काढायची आणि मग पुसायचं ते पुसायचं.

हे सगळं उदयसिंहला सांगणं भागच होतं, कारण हिस्टरी पुसायचा नाद त्याचाच. आपला खेळही तो आता त्याच ब्राउझरात उघडायचा, आणि कॉम्प्युटर जरा मंद झाला की हा बसला पुसत. क्रांतीनं त्याला शेजारी बसवून ती यादी दाखवली, कुठली खूण ठेवायची, कुठली काढायची ते दाखवलं. एवढ्यावर भागणार नाही हे ओळखून तिनं पडद्याच्या वरच्या कडेला चिकटपट्टीनं एक कागद लावला. 'हिस्टरी पुसा, सर्टिफिकेट पुसू नका.' पहिलीतल्या पोरालाही कळावं असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

दर भरायची शेवटची तारीख नेमकी खंडेनवमीला आली. फरिदाबादला खंडेनवमीचं काय सोयरसुतक! शिरोलीत मात्र त्या दिवशी मशिनाला दिवाळीपेक्षा जास्त मान. आदल्या दिवशीच लेथ डिझेलनं पुसून लख्ख करायचे, सांदीकोपऱ्यातला लोखंडाचा चुरा खरवडून काढायचा, पाने-हातोड्या पाटावर मांडायच्या. नवमीला सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पुढं नारळ आणि कोहळा. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाची ती एका दिवसाची सुट्टी. क्रांतीलाही हा रिवाज आवडायचा. म्हातारा कामिलचाचा, शेडमधला सगळ्यात जुना टर्नर, आपल्या लेथला माळ घालताना कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही, आणि ते बघायला ती दर वर्षी मुद्दाम थांबायची.

म्हणून तिनं आण्णांना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं. सगळे दर तयार आहेत, फक्त फाउंड्रीचा भाव सकाळी कळणार आहे. तो आला की अर्ध्या तासात भरून टाकते, तोवर कॉम्प्युटरची पूजा करू नका. आण्णा हो म्हणाले. पूजा अकराला होती, तोवर उरक म्हणाले.

सकाळी ती फाउंड्रीतच जाऊन बसली. तिथंही पूजेची गडबड. मालक सापडेना, सापडला तर भाव सांगेना. शेवटी तिनं त्याच्या दारातच ठिय्या दिला तेव्हा कुठं त्यानं आकडा सांगितला. दहाच्या सुमारास ती शेडवर परत आली आणि ऑफिसच्या दारातच उभी राहिली. कॉम्प्युटरच्या पडद्याला झेंडूची माळ होती. कीबोर्डवर हळदकुंकू, त्यावर फूल, माऊससमोर पेढा.

भटजींना आज आणखी चार ठिकाणी जायचं होतं म्हणून ते लवकर आले, आणि सुरुवात ऑफिसातून करू असं उदयसिंहनं त्यांना सांगितलं. आण्णांनाही ते बरं वाटलं.

"आण्णा, तुम्हाला सांगितलंतं की मी," क्रांती म्हणाली.

"ध्यानात ऱ्हायलं न्हाय बघ. भटजी घाई करालते."

"बरं, झालं ते झालं. माळ बाजूला करते, अर्ध्या तासात भरते आन् परत घालते."

आण्णांनी तिच्याकडं असं पाहिलं जसं काही तिनं देवीच्या अंगावरची साडी मागितली होती. पुजलेल्या हत्याराला उद्यापर्यंत हात लावायचा नाही, त्यांच्या बापानं लावला नाही, त्यांनीही लावला नाही, एका ऑर्डरीपायी ते हा नेम मोडणार नाहीत, असं त्यांनी भटजींसमोर, कामगारांसमोर, ठाम आवाजात सांगितलं. ऑर्डर देणारी ती जगदंबा आहे, कंपनी नव्हे. भटजींनी मान डोलावली. उदयसिंहनंही डोलावली, आणि वर म्हणाला, "आक्का, मी आज कॉम्प्युटर आतनं-भाईरनं साफ केलाय. पार नव्यासारखा. एक दिवस ऱ्हाऊ दे की त्याला निवांत."

क्रांतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलण्यात अर्थ नव्हता. भर पूजेत बापाशी भांडणारी पोरगी कुणालाच खपत नाही, मग तिचं म्हणणं कितीही खरं असो. ती कोहळा फुटेपर्यंत थांबली, प्रसाद वाटला, कामगारांच्या पोराबाळांना पेढे दिले. दुपारी सगळे पांगले. आण्णा आणि उदयसिंह पुरणपोळी खायला पेठ वडगावला घरी गेले. मी मागून येते, असं तिनं सांगितलं. खोटं सांगितलं.

शेड रिकामी झाल्यावर तिनं ऑफिसचं दार लावलं, पडद्याला हात जोडले आणि माळ उचलली. उचलताना ती बिचकली, हेही खरंच. ती याच घरात वाढली होती. पण पाच वाजता वेबसाइट बंद होणार होती आणि जगदंबा काही फरिदाबादला फोन करणार नव्हती. तिनं बटण दाबलं.

वेबसाइट उघडली नाही. पडद्यावर दोन ओळी आल्या. या कॉम्प्युटरवर कंपनीचं सर्टिफिकेट सापडत नाही, हेल्पलाइनला फोन करा.

तिनं बंद करून परत चालू केलं. परत त्याच दोन ओळी. तिसऱ्यांदा केलं तेव्हा तिच्या बोटांना कुंकू लागलेलं तिला दिसलं, आणि क्षणभर, एकच क्षण, तिला वाटलं की आपण माळ उचलली म्हणूनच हे झालं. पुढं कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त राग आला तो त्या क्षणाचा. चूक आपली नसतानाही आधी आपल्याच अंगावर ओढून घ्यायची, ही सवय त्या घरानं तिच्या हाडात इतकी मुरवली होती.

मग तिनं पडद्याच्या वरच्या कडेकडं पाहिलं. कागद नव्हता. चिकटपट्टीचा डागसुद्धा कुणीतरी घासून काढला होता.

तिनं हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई हिंदीत बोलत होती, शांतपणे, पाठ केल्यासारखं. नवं सर्टिफिकेट आजच्या आज मिळू शकतं, पण मागणी मालकानं करायची, कंपनीकडं नोंदवलेल्या त्याच्या मोबाइलवरून, आणि जुनं कसं गेलं तेही मालकानंच सांगायचं. म्हणजे आण्णा. क्रांतीनं घरी फोन केला आणि माळ उचलल्याचं स्वतःच सांगितलं. लपवून वेळ घालवण्यात काही अर्थ नव्हता.

बापलेक मोटारसायकलवरून आले ते शेडच्या दारातूनच आवाज चढवत. म्हणजे आण्णा चढवत होते. पुजलेल्या हत्याराला हात लावलास, आई जगदंबेनं तुला लगेच दाखवलं की न्हाय, असं ते परत परत म्हणत होते. उदयसिंह मागं उभा राहून हळहळत होता. सकाळपर्यंत चांगला चालत होता कॉम्प्युटर, आक्कानं हात लावला आणि बिघडला, आता काय बोलायचं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

"बिघडलेला न्हाय," क्रांती म्हणाली. "सर्टिफिकेट कुणीतरी पुसलंय. उदय, तू सकाळी आतनं साफ केला म्हणालास. हिस्टरी पुसलीस?"

पुसली की. सणाची साफसफाई, आतलं जुनं सगळं काढून टाकलं, असं तो अगदी फुशारकीनं म्हणाला.

"आन् शेवटची चौकट?"

उदयसिंहनं खांदे उडवले. चौकटीबिकटी आपल्याला काय कळतात, त्या मशिननं जे पुसलं ते पुसलं, आपण काय मुद्दाम केलं का? आणि आण्णा लगेच त्याच्या बाजूनं. पोरगं अडाणी आहे त्या बाबतीत, त्यानं भक्तीनं केलं, त्याच्यावर कशाला ओरडतेस?

क्षणभर क्रांतीचाही राग थोडा उतरला. अडाणीपणावर किती रागावणार? म्हशीनं ताकाचं गाडगं लवंडलं तर आपण म्हशीला जाब विचारत नाही. सर्टिफिकेट कुठं शिल्लक असेल तर बघावं म्हणून तिनं हिस्टरी पुसायची ती यादी उघडली. मागच्या वेळी कुठल्या खुणा ठेवून पुसलं, ते तो ब्राउझर यादीखाली दाखवायचा. बघितलेली पानं, खूण होती. उतरवून घेतलेल्या फायली, खूण होती. शेवटची चौकट, सर्टिफिकेट, खूण होती. आणि मधली एक चौकट रिकामी होती.

साठवलेले पासवर्ड.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. पुसायला बसलं की दर वेळी खुणा सगळ्या चौकटींवर आपोआप यायच्या, तेही तिनंच त्याला दाखवलं होतं. एखादी नको असेल तर आपल्या हातानं काढावी लागते. कुणीतरी यादी वाचली होती, खाली वर बघितलं होतं आणि नेमकी एक खूण काढली होती. क्रांतीचा त्यात एकही पासवर्ड नव्हता. त्या ब्राउझरमध्ये पासवर्ड होते ते फक्त उदयसिंहच्या क्रिकेटच्या टीमांचे.

"उदय," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "तुझ्या टीमा जातील म्हणून ही खूण काढलीस न्हवं?"

उदयसिंहनं पडद्याकडं पाहिलं आणि त्याला कळलं. खोटं बोलायला त्याला एवढा वेळ कधी लागत नसे.

"त्याचे पासवर्ड परत आठवत न्हाईत गं," तो शेवटी म्हणाला. "तुझं ते सर्टिफिकेट काय, कंपनी परत देती की. म्हणून म्हटलं जाऊ दे."

म्हणजे त्यानं कागद वाचला होता, चौकटही ओळखली होती. डाव असता तर निदान त्याला शत्रू तरी म्हणता आलं असतं. पण त्यानं डाव साधला नव्हता, दावा धरला नव्हता. एका ओळीत त्याचा खेळ होता आणि एका ओळीत तिची सहा महिन्यांची मेहनत, आणि त्यातली कुठली वाचवायची याचा त्याला विचारसुद्धा करावा लागला नव्हता. क्रांतीला वाटलं, उठून याच्या दोन कानफटात द्याव्यात. तिनं दिल्या नाहीत याचं तिला आजही वाईट वाटतं.

"ऐकलंसा आण्णा?" तिनं विचारलं.

आण्णांनी ऐकलं होतं. ते स्टुलावर बसले, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि उदयसिंहकडं बघत राहिले. तोंडातून एक शिवी आली, पण ती अगदीच घरगुती, लाडाची. मग ते म्हणाले की भांडण मागनं, आधी फोन लाव.

क्रांतीनं त्यांच्याच मोबाइलवरून हेल्पलाइन लावली आणि आवाज मोठा केला. त्याच बाईनं आण्णांचं नाव, कारखान्याचं नाव विचारून घेतलं. मग तिनं एक प्रश्न विचारला. सर्टिफिकेट ज्यांच्या नावानं होतं त्यांच्याकडून ते पुसलं गेलं, की दुसऱ्या कुणी पुसलं? दुसऱ्या कुणी पुसलं असेल तर तो सुरक्षेचा मामला. चौकशी होईल, आणि ती होईपर्यंत कारखान्याचं खातं बंद राहील. त्यांच्याच हातून पुसलं असेल तर तशी चूक नोंदवायची, त्यांचं नाव काढायचं, दुसऱ्या जबाबदार माणसाचं नाव द्यायचं, नवं सर्टिफिकेट आत्ता मिळेल.

आण्णांनी क्रांतीकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि ती विनवणी कशाची आहे हे कळायला तिला वेळ लागला नाही. तिनं मान हलवून नको म्हटलं.

आण्णांनी नजर काढून घेतली आणि फोन तोंडाजवळ नेला.

"हमारी लडकी के हात से हो गया, मॅडम," ते म्हणाले. "लडके का नाम लिखो. उदयसिंह."

पलीकडून टपटप आवाज आला. बाईनं आभार मानले. थोड्या वेळात उदयसिंहच्या मोबाइलवर निरोप आला, त्यातला आकडा घालून नवं सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये बसलं आणि वेबसाइट उघडली. पडद्यावर वर लिहून आलं, 'स्वागत, श्री. उदयसिंह.'

श्री. उदयसिंह क्रांतीच्या खुर्चीत बसले. पहिल्याच रकान्याशी अडले. मागं वळून म्हणाले, "आक्का, आकडं सांग की."

नाही सांगत, असं क्रांतीच्या अगदी ओठावर आलं होतं. वाजू देत पाच, बंद होऊ दे, बसा मग माळा घालत. पण ते दर तिनं काढले होते. एकेका भोकाचा, एकेका आट्याचा विचार करून, कामिलचाचाच्या शेजारी उभं राहून, त्याला किती वेळ लागतो ते बघून. ते असे वाऱ्यावर सोडायचे म्हणजे उदयनं जे केलं तेच आपण आपल्या हातानं करायचं. तिनं त्याला दंडाला धरून उठवलं, स्वतः बसली आणि सगळे रकाने भरले. एकदा तपासून पाठवून दिले. पाचला थोडा वेळ होता. श्री. उदयसिंह यांचे दर मिळाले, धन्यवाद, असं पडद्यावर आलं.

आण्णांनी कॉम्प्युटरला हात जोडले, माळ परत घातली आणि आई सांभाळून घेईल म्हणाले. त्या हात जोडण्यावर क्रांतीचा तोल गेला.

"सकाळी ही माळ अर्धा तास बाजूला करायला तुमचा नेम आडवा आला," ती म्हणाली. "तवाच केली असती तर सगळं तवाच कळलं असतं, दिवस हातात हुता. आन् आता खोटं बोलताना कुठं गेला नेम? ती माळ झेंडूची हाय आण्णा. माझं नाव त्याच्यापेक्षा हलकं हाय व्हय?"

आण्णा म्हणाले, ऑर्डर वाचवायला बोललो. एवढ्या माणसांचं पोट आहे. घरातली गोष्ट घरात राहील, कोण विचारतंय फरिदाबादला?

"ऱ्हायली न्हाय घरात. तुम्ही त्यांच्याकडं नोंदवली. आता उद्या हितं सगळ्यांच्या म्होरं खरं काय ते सांगा. कुणी पुसलं, कुणी भरलं. एवढंच मागते. भागीदारी ऱ्हाऊ दे बाजूला."

"बघू," आण्णा म्हणाले.

ती रात्रभर त्या एका शब्दाला धरून होती. शब्दाचे पक्के ना ते! रागात असली तरी पोरगीच. सकाळी तिनं नवी साडी नेसली आणि शेडवर गेली.

दसऱ्याला सगळे कामगार बायकापोरांसह येतात. पाटावरची हत्यारं उचलली जातात, लेथ एकदा फिरवून बघतात, आण्णा सगळ्यांना आपट्याची पानं देतात आणि पेढ्याआधी दोन शब्द बोलतात. क्रांती कामिलचाचाच्या लेथजवळ उभी राहिली. आण्णा बोलायला लागले. वर्ष बरं गेलं, आईची कृपा. मग ते थांबले, त्यांनी क्रांतीकडं पाहिलं, आणि तिला वाटलं, आता.

"काल सणाचा दिवस," आण्णा म्हणाले, "तरी आपल्या उदयनं जबाबदारी घेऊन मोठ्या कंपनीचं टेंडर भरलं. ऐन वक्ताला भरलं. म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. उदयसिंह खाली मान घालून हसला. तेवढी लाज त्याला होती म्हणायची, किंवा तो मोबाइल बघत असेल. पानं वाटत वाटत आण्णा क्रांतीपाशी आले आणि त्यांनी हात पुढं केला.

क्रांतीनं पान घेतलं नाही.

"सर्टिफिकेट उदयनं पुसलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. एकेक शब्द सुटा होता. "त्याच्या खेळाचे पासवर्ड जाऊ नयेत म्हणून ती एक खूण काढली, माझी ठेवली. आण्णांनी कंपनीला सांगितलं मी पुसलं. टेंडर मी भरलं. त्याच्या नावानं."

टाळ्या वाजवणारे हात कुठं ठेवावेत ते कुणाला कळेना. कामिलचाचानं लेथवरचं फडकं उचललं आणि पुसलेला लेथ परत पुसायला लागला. उदयसिंह म्हणाला, "सणासुदीचं काय हे आक्का." आण्णांचा हात तसाच पुढं होता, पानासकट.

"घरची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस," ते हळू आवाजात म्हणाले.

"माझी काल मांडलीसा की. फोनवर."

ती ऑफिसात गेली. तिची माप घ्यायची व्हर्नियर, तिचा डबा आणि खुर्चीवरची उशी, एवढंच तिचं होतं तिथं. ते पिशवीत घालून ती बाहेर आली आणि स्कूटरकडं चालायला लागली. सांगलीच्या रस्त्याला एका मैत्रिणीची शेड रिकामी होती, भाड्यानं. मैत्रिणीनं तिला ती घेतेस का म्हणून महिन्याभरापूर्वीच विचारलं होतं आणि क्रांती नाही म्हणाली होती, कारण पाडवा जवळ आला होता.

तिनं स्कूटर चालू केली तेव्हा आण्णा पळत आले. टोपी डोक्यावर नव्हती. कितीतरी वर्षांत तिनं त्यांना पळताना पाहिलं नव्हतं. वाटलं, आता म्हणतील, चुकलं बाळ माझं. तिनं स्कूटर बंद केली.

"क्रांती," आण्णा धापा टाकत म्हणाले, "सोमवारी कंपनीचा फोन येणार. दर कसा काढला इचारतील. काय सांगायचं?"

तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग परत स्कूटर चालू केली.

"उदयला इचारा," ती म्हणाली. "टेंडर त्यानं भरलंय की."